उत्तरासोबत कारणही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी संध्याकाळी लोकमान्यनगरातल्या मुलामुलींकडून स्पर्धा परीक्षांचं इंग्रजी करून घेते. भंवरकुआच्या दुकानांतून ती सराव-पुस्तकं आणतात. परवा अशा एका पुस्तकात 'इट इज लेस दॅन टेन किलोमीटर्स फ्रॉम हिअर' हे वाक्य चूक ठरवून 'फ्यूअर' हे उत्तर दिलेलं होतं. मोजता येतं तिथे 'फ्यूअर', एवढा अर्धाच नियम. अंतर, पैसे, वेळ यांची इंग्रजीत एकच सलग राशी धरतात, म्हणून इथे 'लेस'च बरोबर. ज्या मुलीनं बरोबर लिहिलं होतं, तिनं छापील उत्तर पाहून स्वतःचं खोडलं. मला राग आला तो याचा.

स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएलमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या पदवीधर भरतीच्या परीक्षेत, पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापतात. तिथे निदान शुल्क भरून उत्तरसूचीवर हरकत घेता येते. सराव-पुस्तकाविरुद्ध दाद कुठे मागायची?

काही क्लासमध्ये तर 'कानाला खटकेल ते चूक' असं शिकवतात. घरी मराठी, बाहेर हिंदी. आमच्या मुलांचा इंग्रजीचा कान तयार होणार कधी? 'द लिस्ट ऑफ आयटम्स आर ऑन द टेबल' त्यांना मुळीच खटकत नाही, कारण क्रियापदाला खेटून 'आयटम्स' बसलेत. मराठीत 'सामानाची यादी' म्हणताना मुख्य शब्द शेवटी येतो. इंग्रजीत तो आधी येतो आणि 'ऑफ'चं शेपूट मध्ये लुडबुडतं. 'वन ऑफ माय फ्रेंड्स'चंही तेच. 'माझ्या मित्रांपैकी एक' असं म्हणून पाहा, 'एक' शेवटी येतो. हे फळ्यावर शेजारी शेजारी मांडलं की आठवीतली मुलंसुद्धा न चुकता 'इज' लिहितात. 'ॲज वेल ॲज'ला मात्र ही युक्ती पुरत नाही. तिथे क्रियापद पहिल्या नामाप्रमाणे चालतं, हे वेगळं घोटवावं लागतं.

एमबीएच्या प्रवेशासाठी असलेल्या जीमॅटने २०२३च्या अखेरीस आणलेल्या नव्या परीक्षेतून वाक्यदुरुस्ती काढून टाकली, मग एवढी मेहनत कशाला, असं एका पालकांनी मला विचारलं. पण आमची बहुतेक मुलं सरकारी नोकरीच्या नाहीतर बँकेच्या परीक्षांना बसतात, आणि तिथे हे प्रश्न आहेतच.

प्रकाशकांना आणि क्लासचालकांना कळकळीची विनंती आहे की प्रत्येक उत्तराखाली एका ओळीत कारण द्यावं आणि छपाईआधी ते जाणत्या शिक्षकाकडून तपासून घ्यावं. आपल्या अंकात आठवड्याला असं एक वाक्य कारणासह देता आलं, तर मी ते आनंदानं लिहून पाठवीन.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका
लोकमान्यनगर, इंदूर