भांडुपची खोली आणि माटुंग्याचं कॉलेज

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय. फोन आला की आई स्पीकर लावते, पडवीत काकी बसलेली असते, आणि बाबा ‘बरं आहे ना सगळं’ एवढं विचारून फोन परत आईकडे देतात. त्यातून बाबांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं, ते मान्य करोत की न करोत.

मी नोकरी सोडली. काढलं नाही कुणी, मीच सोडली, सगळा हिशोब नीट घेऊन. माटुंग्याला व्हीजेटीआयमध्ये एम. टेक.ला प्रवेश घेतला आहे, ऑटोमोबाइलला. वर्गसुद्धा सुरू झाले. आई, लगेच देवापुढे जाऊन बसू नकोस, पुढचं वाच आधी.

दोन वर्षांचा कोर्स आहे. पहिल्या वर्षी वर्ग आणि प्रॅक्टिकल, दुसऱ्या वर्षी बहुतेक प्रबंधच. गेट, म्हणजे एम. टेक.ची प्रवेश परीक्षा, पास झालेल्यांना सरकारकडून महिन्याला 12,400 रुपये मिळतात, जास्तीत जास्त 24 महिने. गेटचा स्कोअर तीनच वर्षं चालतो. यंदा नसतं घेतलं तर पुन्हा परीक्षेला बसावं लागलं असतं, आणि तेव्हा तुम्हीच म्हणाला असता की आता पुरे झालं. फी माझ्या बचतीतून भरली आहे. कुणाकडून उसने घेतले नाहीत, आईच्या पाटल्यांचा विषय काढायचा नाही, आणि दादाच्या वेळचं काहीही मनात आणायचं नाही. हे तसं नाहीये.

बाबा म्हणतील, चांगल्या एसीत बसून पगार घेत होती, काय दुखत होतं? दुखत काही नव्हतं. पण मी दिवसभर करत होते काय, तर एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग. त्यात भोक दोन मिलिमीटर इकडे, दोन मिलिमीटर तिकडे. तो ब्रॅकेट कुठल्या गाडीत, कशाला धरून बसणार, हे विचारलं तरी सांगायचे नाहीत. तुमच्या गॅरेजमध्ये हाताखालच्या बारक्या पोरालासुद्धा आपण सोडवलेला नट कशाचा आहे ते ठाऊक असायचं.

एक गंमत सांगते. लहानपणी मी विचारलं होतं की पुढच्या चाकांचे ब्रेक लायनर मागच्यांच्या आधी का संपतात. तुम्ही म्हणाला होतात, ‘गाडी थांबताना नाक खाली घालते, भार पुढे येतो.’ पद्मिनी टॅक्सीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, तरी झिजायचे पुढचेच. परवा सरांनी फळ्यावर लिहिलं: मास गुणिले डिसिलरेशन (गाडी किती झपाट्यानं मंदावते ते) गुणिले सीजीची, म्हणजे गुरुत्वमध्याची उंची, भागिले व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. इतका भार मागून पुढे जातो. गाडी उंच आणि आखूड असली की नाक जास्त खाली जाणार. वर्गातली पोरं उतरवून घेत होती आणि मी नुसती बसले होते, कारण मला ते कुर्ल्याच्या गॅरेजमध्येच सांगून झालं होतं. फरक एवढाच की आता मला तो भार किलोत काढता येतो. तुम्ही तो न काढताच ब्रेक बरोबर लावायचात, ते वेगळं.

आता तुमचा नेहमीचा मुद्दा, की बॅटरीची गाडी म्हणजे जत्रेतलं खेळणं, तिला मिस्त्री कशाला. बाबा, कार्बोरेटर गेला, पॉइंट गेले, टायमिंग बसवणं गेलं, हे खरं. पण ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायर कुठे गेलेत? बॅटरी तळाशी बसते म्हणून सीजी खाली येतो, पण वजन वाढतं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटरच जनरेटर होते, गाडी मंदावते आणि तो चार्ज परत बॅटरीत जातो. त्यामुळे लायनर कमी झिजतात. पण बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असली तर ती चार्ज घेणार कुठे? घाटमाथ्यावर आंब्याला गाडी पूर्ण चार्ज करून कुणी साखरप्याकडे उतरायला लागला, तर घाटाच्या ऐन उतारावर मोटरचा ब्रेक मिळतो कमी आणि सगळं पुन्हा लायनरवर येतं. पायाला मात्र ब्रेक दर वेळी सारखाच लागला पाहिजे, नाहीतर माणूस बिचकतो. मोटर किती थांबवणार आणि लायनर किती, ही वाटणी दर क्षणाला करावी लागते. जमलं तर दुसऱ्या वर्षी मला यावरच प्रबंध करायचा आहे. सरांशी अजून बोलले नाही, तेव्हा काकीला सांगू नका.

30 ऑक्टोबर 2023 ला मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात. आईला म्हणालात, पित्त झालंय. 2003 च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेवला पासिंग झालेली गाडी, वीस वर्षं भरली, नियमाप्रमाणे गेली. तुम्ही शटर कायमचं ओढलंत आणि गावी जायचं काढलंत. तेव्हा मी काहीच बोलले नाही. काय बोलणार होते? पण गेटचा फॉर्म भरायचं तेव्हाच डोक्यात बसलं, हे तुम्हाला कधीतरी कळायला हवं.

लांबही जात नाहीये मी. मैत्रिणी जर्मनीला चल म्हणत होत्या. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसल्यासारखीच, पण एका वर्षाच्या राहण्याखाण्याचे 11,904 युरो आधीच खात्यात अडकवून दाखवावे लागतात. तेवढे असते तर तुमच्या घराला स्लॅब नसता का पडला? शिवाय आईची शुगर खाली-वर झाली तर तिथून मी काय करणार? माटुंग्याहून दादर हाकेवर. रात्री तुतारी पकडली की सकाळी संगमेश्वर रोडला उतरले.

आता खोलीचं. इथे तुम्हाला जरा लागेल, पण माझं पूर्ण ऐका.

मला हॉस्टेल मिळालंय. भांडुपची खोली बंद ठेवली तर भिंतींना ओल धरते आणि मेंटेनन्स फुकट जातो. म्हणून दोन नर्स मुली ठेवायचं ठरवलंय, साताऱ्याकडच्या, ड्युटीवरून येऊन झोपणाऱ्या. भाडं 9,000. ते थेट आईच्या खात्यात जाईल, म्हणजे मी दरमहा पाठवते तेवढं तुम्हाला येतच राहील, एक पैसा कमी नाही. आजीची पेटी आणि देव्हारा मी माळ्यावर नीट बांधून ठेवते. तुळस शेजारच्या वहिनी बघणार आहेत. बाबांची पान्यांची पेटी हॉस्टेलवर नेतेय, कॉटखाली मावते, मोजून घेतलंय. कागद अकराच महिन्यांचा करू. खोली तुमचीच आहे, तुम्हाला यायचं असेल तेव्हा एक महिन्याची नोटीस द्यायची, बस. नको वाटलं तर तसं सांगा, मी दुसरं काहीतरी बघेन. पण नको म्हणू नका.

माझी काळजी नको. मेसचं जेवण बरं आहे. वरण पातळ असतं, पण पोळ्या गरम मिळतात. रूममध्ये आम्ही दोघी, ती अकोल्याची, रात्री लवकर झोपते. कॅम्पसमध्ये झाडं आहेत, पंखा चालतो, पाणी चोवीस तास. इतकं पाणी आपल्या चाळीत कधी पाहिलं होतं? वर्गात मी सगळ्यांत मोठी आहे आणि एक पोरगा मला मॅडम म्हणाला, एवढाच काय तो त्रास. आणि आई, चिपळूणच्या स्थळाला ‘नाही’ असं कळवायचं नाही. दोन वर्षं थांबणार असतील तर थांबू देत. नसतील तर आपल्या सुमीला चांगला मुलगा मिळाला नाही असं नको, त्यांना चांगली मुलगी मिळो म्हण.

परवा वर्कशॉपमध्ये ड्रेसवर ग्रीस लागलं आणि मला तू आठवलीस. शाळेतून मी तडक गॅरेजमध्ये यायचे, टॅक्सीच्या मागच्या सीटवर झोपायचे, आणि तू रात्री रॉकेल लावून माझा युनिफॉर्म चोळत बसायचीस. बाबांना बोलायचीस, मला कधीच नाही. आता माझे मीच धुते. डाग राहतोच.

बाबा, तुमचा तो खोकला पावसाचा नाही. पाऊस काय फेब्रुवारीत होता? भाड्याच्या कागदासाठी मालक म्हणून तुमचा अंगठा लागणार, म्हणजे मुंबईला यावं लागेलच. गणपतीला मी येतेय, परतताना माझ्याबरोबरच निघायचं. त्याच फेरीत केईएमला छातीचा एक्स-रे काढू. ‘मला दम लागत नाही’ वगैरे मी ऐकणार नाही, जिना चढताना तुम्ही मध्ये थांबून चप्पल नीट करता ते मी बघितलंय. कौलं फुटली तर वर चढायचं नाही, गडी बोलवायचा. आईनं तीन महिन्यांची शुगर देवरुखला करून घ्यायची आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवायचा, ‘नॉर्मल आहे’ असा निरोप चालणार नाही. गोळी जेवणाआधी. फणसपोळी लपवून खायची नाही.

रागावला असाल तर रागवा, पण निघायच्या आधी एक काम करा. बाबांच्या आधारला अजून गॅरेजचाच नंबर आहे. तो चालू नाही. देवरुखच्या केंद्रात जाऊन बदलून घ्या, सकाळी लवकर जा, दुपारी रेंज नसते. मूळ कार्ड आणि खोलीचं लाइट बिल पिशवीत ठेवा. बिल कपाटात आईच्या साड्यांखाली आहे.

तुमची,
सुमी