बटण नको, सुगरणीचा खोपा चालेल

संपादक साहेब, नमस्कार.

सिंहस्थाच्या निमित्ताने सुशोभीकरणाचं सगळीकडे चाललंय, बागांमधे शिल्पं बसवायची चर्चा आमच्या कट्ट्यावर पण रंगली, म्हणून हे लिहितोय.

आमच्या जवळच्या एका बागेत मोर बसवला होता, समोर उभं राहिलं की सेन्सरने पिसारा उघडायचा. पोरं नुसती तुटून पडली. पहिल्याच पावसाळ्यात मोटरीत पाणी गेलं, तेव्हापासून तो बिचारा अर्धा पिसारा काढून उभाय आणि खाली पाटी, हात लावू नये. अरे मग बसवलाच कशाला?

मला विचाराल तर नाशकातलं सगळ्यात भारी इंटरॅक्टिव्ह शिल्प म्हणजे गोदापात्रात उभा असलेला आपला दुतोंड्या मारुती. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं गाव एकच विचारतं, कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला की छातीला? ना बटण ना वायर, सगळं काम गोदावरीच करते.

मी सातपूरला फॅब्रिकेशन करतो, कलाकार वगैरे नाही. पण निफाडकडे मामाच्या मळ्यात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकलेले लहानपणापासून बघतोय. नाव सुगरणीचं, पण विणतो नर बरं का! अर्धा झाला की मादी येऊन बघते, पसंत पडला तरच पुढे तो खालचा लांब बोगदा विणायला घेतो, नाहीतर कष्ट वाया. आणि खोपे बहुतेक झाडाच्या पूर्वेकडे, म्हणजे पावसाळी वाऱ्याच्या आडोशाला.

तर असे दोन खोपे करायचे, सात-आठ फुटी, जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचा सांगाडा आणि वरून जाड दोरी गुंडाळलेली, कारण मे महिन्यात उघड्या स्टीलला हात लावला तर पोरगं परत बागेत यायचं नाही. एक खोपा पूर्ण, त्यात बोगद्यातून शिरायचं. दुसरा मुद्दाम अर्धा सोडायचा, तो येईल त्या पोरांनी पट्ट्या ओवून विणायचा, आणि रविवारी माळ्याने सगळं सोडवून टाकलं की सोमवारी परत पहिल्यापासून सुरू. पट्ट्या फूटभरच, लांब दोरी गळ्यात अडकते. दोन्ही खोपे जमिनीखालून तीन इंची पाइपने जोडायचे, इकडे कुजबुजलं की तिकडे शंभर फुटांवर ऐकू येतं, लाइट गेली तरी चालू!

जाळीच्या फटी साडेतीन इंचाच्या आत नाहीतर नऊ इंचाच्या वर पाहिजेत, मधल्या मापात पोरांची डोकी अडकतात. तळाला भोकं हवीत, पाणी साचलं की डेंग्यूचे डास आलेच. खोप्यांच्या वर सजावटीला तांब्याची पानं आपल्या तांबट कारागिरांकडून ठोकून घेता येतील, पण बारा फुटांच्या वरच लावा, खाली लावली तर आठवड्यात भंगारात जातील.

दोन फुटी मॉडेल वायरचं करून शेडमधे ठेवलंय. पुतणी सहा वर्षांची, तिने बोगद्यातून हात घातला, चाचपलं आणि म्हणाली काका, अंडी कुठेत? ती राहिलीच होती. आता बेअरिंगच्या गोळ्यांची करतोय.

एक वाचक, सातपूर, नाशिक