कूलिंग जॅकेट आणि त्यासोबतचे माहितीपत्रक : तक्रार

बडोदा, 14 जून

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : कुत्र्यांचे कूलिंग जॅकेट (मध्यम माप, गडद निळे) व माहितीपत्रकातील धोकादायक सूचना

महोदय,

हे जॅकेट 2 मे रोजी 1,850 रुपयांना मागवले. बिलाची प्रत सोबत आहे. पैसे परत हवेतच, पण त्याआधी ते माहितीपत्रक मागे घ्या.

खोक्यावर छापले आहे, 'कुठल्याही हवामानात 4 तास थंडावा'. जॅकेट चालते माठासारखे, पाणी उडाले की गार. आणि माठ एप्रिलात गारेगार, पण पाऊस तोंडावर आला की पाणी कोमट, हे बडोद्यात कुणालाही ठाऊक आहे. जॅकेट भिजवून, निथळवून, सावलीत पंख्याखाली टांगले आणि आधी-नंतर वजन केले. मेच्या कोरड्या हवेत तासाभरात 210 ग्रॅम पाणी उडाले. 12 जूनला त्याच जागी जेमतेम 40. म्हणजे जूनमध्ये कुत्र्याच्या पाठीवर उरते ते ओले घोंगडे.

त्याचे वजन भरते 1 किलो 150 ग्रॅम. 9 किलोच्या पग जातीच्या कुत्र्यावर एवढे ओझे म्हणजे 65 किलोच्या माणसाच्या पाठीवर 8 किलोची गोणी! कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. उकाड्यात बहुतेक उष्णता धापा टाकूनच बाहेर काढायची, आणि आखूड नाकाच्या पगला तेच आधी अवघड. त्यात तुमचा पट्टा छातीवरच आवळतो.

आतले अस्तर रेक्झिनसारखे, न भिजणारे. 'कुत्रा कोरडा राहतो' म्हणून तुम्ही त्याची जाहिरात करता, पण दोष तोच आहे. मेमध्ये बाहेरचे कापड 27 अंशांवर होते, तेव्हा अस्तराखाली केसांत 37 अंश मोजले. मध्ये अडकलेली हवा गारवा आत येऊ देत नाही. शिवाय पोट आणि जांघा, जिथे केस विरळ असतात, तिथे जॅकेट पोचतच नाही.

आता माहितीपत्रक, पान 3. 'कुत्रा कोसळल्यास ओल्या टॉवेलात गुंडाळा, ग्लुकोजचे पाणी पाजा, तापाची गोळी द्या.' तिन्ही चूक. गुंडाळलेला टॉवेल काही मिनिटांत अंगाइतका गरम होतो आणि वारा अडवतो. अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतले तर ते फुप्फुसात जाते. उष्माघात हा ताप नव्हे, त्यामुळे गोळीने तो उतरत नाही, आणि माणसांची आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याला विषारी ठरते.

छापायला हवे होते ते असे. कुत्र्याचे तापमान गुदद्वारातून साधारण 38.3 ते 39.2 अंश. 41 च्या वर गेले, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ दोरीसारखी चिकट झाली, पाय लटपटले, की जॅकेट काढा, सावलीत न्या, नळाचे पाणी केसांच्या मुळापर्यंत ओता आणि पंखा लावा. पोट-जांघा विसरू नका. शुद्धीवर असेल तर पाणी समोर ठेवा, त्याचे तो पिईल. दर पाच मिनिटांनी तापमान घ्या आणि 39.5 ला आले की ओतणे थांबवा, नाहीतर ते खाली घसरत जाते. गार करतच पशुवैद्याकडे न्या, आणि कुत्रा उठून शेपटी हलवू लागला तरी न्याच. मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याचे बिघाड पुढच्या दोन-तीन दिवसांत वर येतात.

'गाडीत काच थोडी खाली ठेवून जॅकेट घालावे' या ओळीबद्दल काय लिहायचे? बंद गाडी उन्हात दहा मिनिटांत दहा अंशांनी तापते, काचेच्या फटीने त्यात फारसा फरक पडत नाही.

मागण्या : 1,850 रुपये परत. विक्रीतले माहितीपत्रक मागे घेऊन आधीच्या ग्राहकांना ईमेलने दुरुस्ती. खोक्यावर 'दमट हवेत उपयोग नाही' हे ठळक अक्षरांत. अस्तर बदलेपर्यंत या मापाची विक्री बंद.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये अपुऱ्या सूचना हाही उत्पादकाचा दोष धरला आहे. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू. वजनाच्या नोंदी व पान 3 चा फोटो जोडला आहे. जॅकेट आमच्याकडेच आहे, तपासणीसाठी माणूस पाठवता येईल.

आपला ग्राहक,
दांडिया बाजार, बडोदा