दोन्ही गुडघे एकदम की एकेक?

विश्रामबाग, सांगली

प्रिय सुजाता,

‘गुडघे बदलायचं ऑपरेशन दोन्ही पायांचं एकदमच उरकू, रजा एकदाच काढावी लागेल,’ म्हणालीस. रजेचा हिशेब बाजूला ठेव. विहीणबाईंचं वय 72, हृदयात स्टेंट, साखर वरखाली. त्यांचा आधी एकच गुडघा करा.

सांधा बसवताना हाडाच्या पोकळीतली चरबी रक्तात उतरते आणि फुप्फुसात जाऊन अडकते. एका पायाचं बहुतेकांना झेपतं. दोन्ही पायांचं एकाच दिवशी आलं की हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. रक्तही जास्त जातं, बाटली चढवायची वेळ येते. साठीच्या आसपासचं, हृदय-फुप्फुसं धड असलेलं माणूस असतं तर मीच म्हटलं असतं, दोन्ही करून मोकळे व्हा: एक भूल, एक मुक्काम, खर्चही कमी.

पण एक करून थांबूही नका. त्यांचे दोन्ही पाय वाकलेत. केलेला पाय सरळ झाला की दुसऱ्याच्या मानाने लांब वाटतो. मग बाईमाणूस तोही वाकवून चालतं आणि नवा गुडघा तसाच आखडतो. सगळं ठीक असेल तर तीनेक महिन्यांनी दुसरा. जास्त दुखतो तो आधी.

त्याआधी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) साडेसात टक्क्यांच्या आसपास आणा, हिमोग्लोबिन 12 च्या वर. किडका दात, लघवीचं इन्फेक्शन, टाचेच्या चिघळलेल्या भेगा, सगळं आधी बरं करून घ्या. तिथले जंतू रक्तातून नव्या सांध्यात जाऊन बसतात. रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

ऑपरेशननंतर बहुधा दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात. दुखतं म्हणून गुडघ्याखाली उशी द्याल, ती देऊ नका. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, गुडघा खाली दाबायला सांगा. दोन आठवड्यांत काटकोनापर्यंत वाकायला हवा. टाके साधारण 12 ते 14 दिवसांनी काढतात. आपली हळद भाजीत घाल, टाक्यांवर लेप नको. पोटरी सुजून दुखली किंवा अचानक दम लागला तर सकाळची वाट पाहू नका.

घरातली पायपुसणी आताच उचल, कमोडला उंच बैठक लावून घे. वॉकर घेताना त्यांना सरळ उभं कर, हात खाली सोडल्यावर वॉकरची मूठ त्यांच्या मनगटाच्या घडीशी आली पाहिजे.

तुझी आई