उतरलेली बॅटरी बँक उठवताना

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या सोलरची 48 व्होल्टची बँक, म्हणजे सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडलेल्या 12 व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या, 31 व्होल्टवर म्हणजे चांगलीच तळाला गेली आहे. नव्या बॅटऱ्या घ्यायची घाई करू नकोस, पण चारही वाचतील अशी आशाही धरू नकोस.

ऊन असून चार्जिंग सुरू होत नाही म्हणून तू कंट्रोलरवर (पॅनेलची वीज बॅटरीत सोडणाऱ्या यंत्रावर) खापर फोडलंस, ते बहुधा चुकीचं आहे. व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेलं की बरेच कंट्रोलर समोर बॅटरी आहे असं मानतच नाहीत. व्होल्टेज आपोआप ओळखणारा असेल तर 31 पाहून तो हिला 24 ची बँक समजायचा! तेव्हा पॅनेल जोडून ‘बघू, उठते का’ हा प्रयोग थांबव. आधी पॅनेलचा एमसीबी (सर्किट तोडणारा स्विच) पाड, मग बॅटरीचा. उलट केलंस तर बॅटरीविना राहिलेल्या कंट्रोलरवर पॅनेलचं व्होल्टेज चालूच राहतं.

आता चारही बॅटऱ्या सुट्या कर. तू पाठवलेली मापं 9.1, 8.9, 9.2 आणि 3.8 अशी आहेत, आणि सगळी कथा त्या 3.8 मध्ये आहे. सिरीजमध्ये सर्वांत कमजोर बॅटरी आधी संपते, पण उरलेल्या तिघी तिच्यातून करंट ढकलतच राहतात. मग तिच्या एखाद्या सेलची (बॅटरीतल्या सहा कप्प्यांपैकी एकाची) ध्रुवता उलटी होते, म्हणजे अधिक-उणे टोकं बदलतात. म्हणून चौघींना एकत्र चार्ज करू नकोस. प्रत्येकीला वेगळं घे.

झाकणं उघडून पाणी बघ. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाल, खुणेपर्यंत नको. चार्जिंगमध्ये पातळी वर येते आणि भरून ठेवलेलं बाहेर सांडतं. ॲसिड मात्र थेंबभरही नको, कुणी कितीही सांगितलं तरी. ॲसिड कुठे गेलेलं नाही, ते सल्फेट होऊन प्लेटांवर बसलंय. वरून घातलंस तर हायड्रोमीटर (द्रावणाची घनता मोजणारी नळी) छान आकडा दाखवेल आणि तू फसशील.

साधा ऑटोमॅटिक चार्जर इतक्या खालच्या बॅटरीला हात लावणार नाही. काहीजण चांगली बॅटरी पॅरलल (अधिकला अधिक, उणेला उणे) जोडून त्याला फसवतात. मला तो मार्ग आवडत नाही, कारण दोघींत किती करंट वाहतोय ते आपल्या हातात राहत नाही. करंटची मर्यादा बांधता येणारा पॉवर सप्लाय मिळव. 14.4 व्होल्ट, आणि तुझ्या 150 एएचच्या (अँपिअर-तास क्षमतेच्या) बॅटरीला सुरुवातीला 5 अँपिअर पुरे. पहिल्यांदा काटा जेमतेम हलेल. सल्फेट वीज वाहू देत नाही आणि आतलं द्रावण जवळजवळ पाणी झालेलं असतं, म्हणून व्होल्टेज लगेच चढतं आणि करंट जातच नाही. इथेच माणसं ‘मेली’ म्हणून हात झटकतात. तू तशीच जोडून ठेव. काही तासांनी करंट हळूहळू वाढायला लागला तर प्लेटा जाग्या होताहेत. मग 15 अँपिअरपर्यंत जायला हरकत नाही. अंग 50 अंशांच्या आसपास तापलं तर थांबव, निवू दे.

खिडक्या उघड्या, डोळ्यांवर चष्मा, आणि ठिणगी पडेल असं काही जवळ नको. हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला की स्फोट व्हायला पुरतो.

शेवटी दर तासाला प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी (हायड्रोमीटरवरचा घनतेचा आकडा) लिहीत जा. आकडा लागोपाठ तीनदा तोच आला की झालं. पाणी आता खुणेपर्यंत भर. कंपनीप्रमाणे पूर्ण चार्जचा आकडा साधारण 1.240 ते 1.280 असतो. पाच सेल तिथे पोहोचले आणि सहावा 1.120 वरच बसला, बॅटरीही विसाव्यानंतर 10.5 च्या आसपास अडकली, तर तो सेल गेला. 3.8 वालीचं असंच होईल असा माझा कयास आहे. पल्सवाल्या यंत्रांवर किंवा मीठ घालण्याच्या उपायांवर पैसे घालवू नकोस. तिच्या जागी कोरी नवी लावू नकोस. जुन्यांबरोबर ती उगाच झिजते. त्याच क्षमतेची, साधारण त्याच वयाची मिळाली तर बघ.

बाकीच्या उठल्या की रात्रभर विसावू दे. 12.6 च्या आसपास राहिल्या तर माहीत असलेला लोड लावून किती तास चालतात ते मोज. निम्मीसुद्धा क्षमता नसेल तर त्यांनाही सोड. बऱ्या असतील तर कंपनीच्या सूचनेप्रमाणे एकदा इक्वलाइज कर, म्हणजे सगळे सेल सारखे व्हावेत म्हणून मुद्दाम थोडं जास्त चार्ज कर. पाणी घालायच्या ट्यूब्युलर आहेत म्हणून चालेल, जेलच्या (आतलं ॲसिड घट्ट असलेल्या, बंद) असत्या तर नको म्हणालो असतो.

आणि मुळात इतक्या उतरल्या कशा? इन्व्हर्टरने लोड तोडला तरी तो स्वतः थोडी वीज पीतच राहतो. पॅनेलचा एमसीबी पडलेला होता का, ते आठव. कट-ऑफ, म्हणजे इन्व्हर्टर लोड तोडतो ते व्होल्टेज, 42 वर असेल तर 46 कर. 42 ला इन्व्हर्टर सुखरूप राहतो, बॅटरी नाही. आणि बरेच दिवस बाहेर जाणार असशील तर इन्व्हर्टरचा स्वतःचा स्विच बंद करून जा.

मापं झाली की सगळ्या सेलचे आकडे पाठव. त्या 3.8 वालीचे आधी.

तुझाच,
जुना मित्र