तूट सरकारची, वर्गणी गावाची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात ४५,८९१ कोटी रुपयांची महसुली तूट दाखवली होती. एवढा आकडा गावात कुणाच्या डोक्यात बसत नाही, पण ही तूट शाळेपर्यंत कोणत्या वाटेने येते ते शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत नेमाने बसणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. ती लोकसहभाग या गोंडस नावाने येते.

अंड्याचंच घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये नवा शासन निर्णय निघाला, की अंड्यांसाठी आणि गोड पदार्थातल्या साखरेसाठी वेगळा निधी मिळणार नाही, हवं तर लोकसहभागातून करा. म्हणजे अंड्याला बंदी नाही हं, फक्त पैसे तुमचे! ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलं जिथे आजीजवळ राहतात, तिथे वर्गणी मागायला कोणत्या तोंडाने जायचं? मग गुरुजीच खिशात हात घालतात.

समग्र शिक्षा या केंद्राच्या शिक्षण योजनेच्या निकषांनुसार तीसपर्यंत मुलांचा पट असलेल्या शाळेला वर्षाचं अनुदान १०,००० रुपये. खडू, रजिस्टरं, झाडू, फुटलेली कौलं, वीजबिल, सगळं त्यातच. महिन्याला साडेआठशेही पडत नाहीत. वरून शाळा डिजिटल करायची!

शिक्षकांच्या बाबतीत हीच काटकसर जास्त महागात पडते. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदं मंजूर करण्याच्या, निकषांत सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की शिक्षकाचं पद शून्य. शिक्षण हक्क कायदा मात्र याच वर्गांना गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रं यांसाठी किमान एकेक शिक्षक द्या म्हणतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये छोट्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमायची टूम निघाली. शिक्षक सामूहिक रजेवर गेले आणि पुढे फेब्रुवारीत तो निर्णय मागे घेतला गेला. प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकांना, म्हणजे सुरुवातीची वर्षं ठरावीक मानधनावर काम करणाऱ्या नव्या शिक्षकांना, आज १६,००० मिळतात. २०२३ पूर्वी ते मानधन ६,००० होतं, त्यामुळे आभार मानायचे की रागवायचं हेच कळत नाही.

लाडक्या बहिणींसाठी त्याच अर्थसंकल्पात ३६,००० कोटी ठेवले म्हणून शाळा उपाशी, असं मी म्हणणार नाही. ते दीड हजार आमच्याही घरी येतात आणि मुलांच्या वह्यांना कामी येतात. पण एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने शाळेच्या वर्गणीत परत मागू नये.

लोकसहभागाला माझा विरोध नाही. गावाने रंगरंगोटी करावी, झाडं लावावीत, क्रीडासाहित्य द्यावं. जेवण, वीज आणि शिक्षक या तीन गोष्टी मात्र सरकारनेच द्यायला हव्यात. आणि शिक्षण विभागाने एक करावं: दर वर्षी जिल्हा परिषद शाळांनी किती वर्गणी गोळा केली आणि शिक्षकांनी पदरचे किती घातले, याची तालुकावार बेरीज अर्थसंकल्पासोबत सभागृहात मांडावी. खरी तूट किती, ते तेव्हा आमदारांनाही दिसेल.

आपला,
एक पालक व शाळा व्यवस्थापन समिती सदस्य,
जि. बीड