पेन्सिलने लिहिलेल्या कागदांसाठी, सर

आदरणीय सर,
शि. सा. नमस्कार.

परवा तालमीला एक नवी मुलगी आली. तिच्या क्लॅरिनेटला रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी वेताची पातळ पट्टी, लावून देताना मी म्हटलं, "टोकाशी माऊथपीसचं काळं केसभर दिसू दे, आणि स्क्रू फार आवळू नकोस, रीडला थरथरायला जागा हवी." बोलून झाल्यावर लक्षात आलं, हे शब्द तुमचे. पहिल्या दिवशी तुम्ही मला हेच सांगितलं होतंत.

मी ४५व्या वर्षी बँडमध्ये आले. पाच रेघांवरचं स्टाफ नोटेशन वाचता येत नव्हतं, फुंकर धड लागत नव्हती. "किती येतं?" असं तुम्ही विचारलं नाहीत. "सोमवारी जमेल का?" एवढंच विचारलंत.

शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही सात जणांना घेऊन बँड उभा केलात, हे सगळेच सांगतात. त्या सात जणांसाठी तुम्ही किती रात्री लिहीत बसलात, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. तीन क्लॅरिनेट, दोन ट्रंपेट, एक आल्टो सॅक्सोफोन आणि एक ड्रम, अशा मेळाला पुरेल असं छापील काही आयतं मिळत नाही. त्यात, पेटीच्या पट्ट्यांच्या नावांनी सांगायचं तर, कागदावरची पांढरी एक क्लॅरिनेट-ट्रंपेटवर वाजवली की काळी पाच ऐकू येते, आल्टो सॅक्सोफोनवर काळी दोन. म्हणजे एकच धून प्रत्येकासाठी वेगळ्या पट्टीत उतरवायची, तीही हाताने.

आठवी मी. क्लॅरिनेटवर खालच्या सुरांतून वर चढताना मोकळी बोटं एकदम सगळ्या भोकांवर टेकवावी लागतात, आणि तिथं माझा सूर हमखास किंचाळायचा. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. माझा कागद नव्याने लिहिलात, सगळं खालच्या सुरांत. पुढच्या महिन्यात त्यात एकच सूर वरचा आला. मग दोन. मला वाटायचं, धूनच अशी आहे! तो कागद अजून माझ्याकडे आहे. खोडून खोडून इतका पातळ झालाय की उजेडात धरला तर मागची ओळ दिसते.

एका काकांचा दम अर्ध्यात संपायचा, तर लांब सूर तुम्ही दोघांत वाटून दिलात. दोघांनी श्वास कुठे घ्यायचा त्याच्या खुणा केल्यात, एकाच जागी येणार नाहीत अशा. ऐकणाऱ्याला सूर कधी तुटलेला कळलाच नाही. काकांना समोर बसून वाजवता आलं. सर, याबद्दल आम्ही कुणीच तुमचे आभार मानले नव्हते. आज मनापासून मानते.

नव्या मुलीचाही सूर तिथंच किंचाळतो. काल रात्री बसून मी तिचा कागद खालच्या सुरांत लिहिलाय, पेन्सिलनेच. सोमवारी घेऊन येते. एकदा नजरेखालून घालाल का?

तुमची,
तिसऱ्या क्लॅरिनेटचा भाग वाजवणारी